तात्यांच्या नावाचं कडवं

तात्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तरी तिसगावच्या पंचक्रोशीत गाणी विकून जगणारा तो एकटाच माणूस होता. जागरण-गोंधळाची पार्टी असो, लग्नाचा बँड असो की निवडणुकीची जीप, गाणं तात्यांचंच. एकदा तर त्यांनी दोन्ही उमेदवारांना एकच चाल दिली. माणसं जाब विचारायला आली, तर म्हणाले, "चाल एक हाय, पर खोटं येगळं येगळं घातलंय की!"

ते माझे चुलत सासरे. रस्त्याने चालता चालता गाणं जुळवायचं आणि घरी येऊन मला सांगायचं, ही त्यांची रीत. मी नवी सून, सातवी पास. सातवी म्हणजे आपण सरस्वतीची धाकटी बहीणच, असा माझा समज. पदर सावरत वही घेऊन बसायची आणि नाक मुरडत लिहून घ्यायची.

शेवटच्या कडव्यात तात्या स्वतःचं नाव आणि गाव गुंफायचे. म्हणायचे, "सूनबाई, गाणं म्हंजी सासरी धाडल्याली लेक. म्हायेरचं नाव तिनं सांगायाच पायजे." मला ती बढाई वाटे. ऊसतोडीच्या गाडीखाली टांगलेल्या पाळण्याचं गाणं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी ते कडवंच गाळलं. शहाणीला वाटलं, गाणं सुधारलं!

वहीवरून मी उतरवून दिलेला कागद त्यांचा मित्र, पारनेरचा गायक, विकत घेऊन गेला. कॅसेटवाल्याला कागदावर नाव दिसलं नाही; त्याने छापलं 'पारंपरिक'. कॅसेट गाजली. तात्यांनी ती ऐकली, त्यात नावाचं कडवंच नाही, आणि ते पेटले. "मुडद्यानं माझं नाव खाल्लं!" मित्राला पुन्हा गाणं दिलं नाही, त्याच्या पोरीच्या लग्नालाही गेले नाहीत. मी चूल फुंकत गप्प. वर्षानुवर्षं गप्प.

अलीकडे तेच गाणं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाजायला लागलं. माझ्या नातीने तात्यांना आणि मला नगरच्या वकीलबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "गाणं विकलं तरी रचणाऱ्याचा हक्क उरतो."

तात्या चक्रावले. "इकल्याली शेळी दूध द्यायला माघारी येती व्हय?"

"कायद्यात येते, आजोबा." बाईंनी माझी जुनी वही उघडली. "अक्षर आजींचं. नाव कुणाचंच नाही. मग गाणं कुणाचं?"

मलाही क्षणभर कळेना. लिहिलं मी, रचलं त्यांनी, विकत घेतलं तिसऱ्याने, आणि पारंपरिक म्हणजे तर साऱ्या गावाचं!

घाम पुसत मी म्हणाले, "तात्या, तुमच्या नावाचं कडवं मीच गाळलं हुतं."

तात्या माझ्याकडे वळले. "म्हंजी त्या गरिबाला मी उगंच शिव्या घातल्या?" बाईंनी दाव्याचा कागद पुढे केला होता, त्यावर अंगठा न देताच उठले. "ऱ्हाऊ द्या बाई. आधी पारनेरची यष्टी बघू."

पारनेरच्या ओट्यावर दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले. तात्यांनी कडवं म्हणून दाखवलं, मित्राने ठेका धरला. मग दोघांनी मिळून मला चहा करायला पिटाळलं. शिक्षा एवढीच.

नगरला परत जायचं राहूनच गेलं. गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. मोबाईलवर गाणं अजून 'पारंपरिक'च आहे. वकीलबाई सांगतात, आता वारसांनी सह्या करायच्या. माणूस गेल्यावरही साठ वर्षं गाणं त्याचंच असतं. मी मान डोलावली. मग तात्या होते तेव्हा ते कुणाचं होतं, हे विचारायचा धीर काही झाला नाही.