मार्गशीर्षातले उटणे

उटण्याची पुडी उघडली की वाळा, नागरमोथा आणि कापूरकाचरी यांचा किंचित उग्र गंध घरभर दरवळतो. इतरांना त्यातून दिवाळी आठवते. मला मार्गशीर्षातली एक बोचरी सकाळ आठवते, आणि जांभळट पाणी.

सक्करदऱ्याच्या आमच्या घरी, वरच्या खोलीत, तेव्हा मॉरिशसचा एक मराठी विद्यार्थी वैद्यक शिकण्यासाठी राहत असे. त्याच्या मावशीला गळ्याचा कर्करोग झाला. तिकडे उपचार नव्हते, विलायतेचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून पार्वतीबाई समुद्र ओलांडून नागपूरला आल्या. पणजोबा ज्या भूमीतून पोटासाठी निघून गेले, तिथेच पणतीने प्राणांसाठी परतावे, हा केवढा विलक्षण प्रवास!

शेक सुरू झाले. किरण नेमके कुठे पडावेत हे दाखवणाऱ्या जांभळ्या रेघा त्यांच्या गळ्यावर आखल्या होत्या. त्यांना तेल-पाणी लागता कामा नये, रेघ पुसली की उपचार खोळंबलाच, अशी सक्त ताकीद होती.

नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या पत्नीने पाट मांडला आणि पाहुणीच्या मस्तकावर घालायला तेलाची वाटी उचलली.

"वाटी खाली ठेव," मी म्हणालो. स्वर नेहमीसारखाच करडा होता.

पार्वतीबाईंनी तिच्याकडे वळून विचारले, "वहिनी, भाऊ कधी हसतात का हो?"

"हासतात नं वं! नळाले पाणी आलं का हासतात!"

दोघी पुष्कळ हसल्या. मग पत्नीने उटण्याची पुडी पुन्हा बांधली. "तुमची होईन तवाच आमची," एवढे बोलून ती साध्या पाण्याने न्हाली. आमची दिवाळी अशी फडताळात गेली. मी विरोध केला नाही. आपला आनंद दुसऱ्यासाठी थांबवून ठेवावा, याहून निराळे आतिथ्य ते कोणते?

मार्गशीर्षात शेक संपले. गाठ विरली होती. गावी परतण्याची आणि न्हाण्याची अनुज्ञा डॉक्टरांनी एकाच दिवशी दिली. दुसऱ्या पहाटे पाट पुन्हा मांडला गेला, पणत्या लागल्या. पत्नीने त्यांच्या हातापायांना उटणे चोळले. भाजून काळवंडलेल्या गळ्यावरून मात्र नुसते कोमट पाणी हळूच सोडले. नळावरून घागरी मी आणल्या होत्या, बंबही मीच पेटवला होता. न्हाणीच्या मोरीतून जांभळट पाणी अंगणात वाहत आले. ते स्वच्छ होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

आज पत्नी नाही. दिवाळीतले चिमूटभर उटणे मी मार्गशीर्षासाठी राखून ठेवतो. काहून, असे सून विचारते. मी बंब पेटवतो.