फंक्शन शोधणारं बोट

नसरापूरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात एक सहकारी भोंगवलीहून यायचे. वयानं सगळ्यांत मोठे. एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एक ठरावीक काम करणारा तुकडा, मुळात कुठं लिहिलंय हे बघायचं झालं, की एकेक फाइल उघडून, पडद्यावर बोट ठेवून, पुटपुटत ओळ न् ओळ उतरायचे. मी सगळ्यांदेखत हसायचो.

"अहो, नावावर जाऊन एक बटण दाबा, थेट तिथं पोचाल."

"व्हय, लई बेस," म्हणायचे, आणि बोट चालूच.

एकदा डेअरीच्या प्रोग्रॅममध्ये दुधाचं फॅट चुकीचं दिसू लागलं. मी बटण दाबून फॅट काढणारं फंक्शन गाठलं, दुरुस्त केलं. तरी फॅट चुकलेलंच. साहेबांनी विचारताच मी म्हणून गेलो, "यांनीच काहीतरी हलवलं असेल."

त्यांनी पहिली फाइल उघडली. त्यांचं बोट बराच वेळ उतरत गेलं आणि थांबलं.

"हितं बगा. त्याच नावाचं दुसरं फंक्शन हाय. तुमी नीट केलंत ते जुनं, चालतंय ते ह्ये."

"मग चूक कुणाची?" साहेब.

"आमच्या दोगांच्या बी नजरंतनं सुटलं."

मी ते दुसरं फंक्शन दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "त्ये बटन कुठलं म्हनालात? दावा की."

मी दाखवलं, मान वर न करता.