दिसतंय की म्हणे?

आमच्या घरातल्या प्रेसमध्ये (आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते) आइस्क्रीमचे रिकामे डबे कसे साठतात, ते कुणालाच कळत नाही. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. जपानी शिकवणाऱ्या बाईकडे विद्यार्थ्यांच्या चुका अशाच साठतात. पुण्यात मी हेच करत होते. नवऱ्याच्या नोकरीपायी डब्लिनला आले आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा क्लास मांडला. विद्यार्थी सगळे मराठी, त्यामुळे चुकाही अस्सल मराठी.

*

केदार गॉलवेला मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत आहे, क्लासला व्हिडिओवरून बसतो. त्यांच्या जपानी क्लायंट बाईंना रिपोर्ट हवा होता. केदारने मोठ्या हौसेने जपानीत लिहिलं, "गोजि मादे ओकुरिमासु." पाचपर्यंत पाठवतो.

आता जपानीत 'पर्यंत' दोन असतात. काम पाचपर्यंत चालूच राहणार असेल, तर 'मादे'. पाचच्या आत एकदा उरकायचं असेल, तर 'मादे नि'. आपण "पाचपर्यंत थांब" आणि "पाचपर्यंत आणून दे" हे दोन्ही एकाच पर्यंतवर भागवतो. केदारच्या वाक्याचा अर्थ झाला, "पाच वाजेपर्यंत मी तुम्हाला रिपोर्ट पाठवत राहीन."

बाईंचं अत्यंत नम्र उत्तर आलं, "आपण फारच कष्ट घेता. एकदा पाठवलात तरी चालेल."

*

ऋजुता इथे मास्टर्स करते आणि संध्याकाळी एका छोट्या जपानी हॉटेलात काम करते. मालक म्हणजे एक आजोबा, बोलायला कमी. एकदा ते एकटेच भांडी घासताना दिसले, तर ही धावली आणि म्हणाली, "तेत्सुदात्ते आगेमासु." मी मदत करून देते.

मराठीत "करून देते" म्हटलं की समोरचा खूश होतो. जपानीत मोठ्या माणसाला हे 'आगेमासु' जोडलं, की त्याला मेहेरबानीचा वास येतो. नुसतं "तेत्सुदाइमासु" म्हटलं असतं तर काम भागलं असतं.

आजोबांनी हात पुसले, तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "उपकार झाले. तरीपण पगार घेशील ना?"

*

नलिनीकाकू मूळच्या कऱ्हाडच्या. मुलगा अमेय डब्लिनच्याच चेरीवूड भागात आयटीत आहे आणि त्याची बायको हारुका जपानी. काकू सुनेच्या बाळंतपणासाठी इकडे आल्या होत्या. हारुकाची आईही जपानहून येणार होती. त्या माउलीला इंग्रजी येत नव्हतं, काकूंनाही नव्हतं. म्हणून काकू माझ्या क्लासला.

"अमेय सांगेल की समजावून," मी म्हटलं.

"त्यो सांगतोय व्हय? मी चार वाक्यं बोलते, ह्यो एकच सांगतोय. मधली तीन कुठं जात्यात? विहीणबाईंशी माझं मी बोलणार."

मला वाटलं होतं, दोन शनिवारांत कंटाळतील. पण 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन बघणं' आणि 'मिरु' म्हणजे खरोखरच 'बघणं', हे कळल्यावर त्यांनी वर्गाकडे विजयाने पाहिलं. 'शिते ओकु' म्हणजे शब्दाला शब्द 'करून ठेवणं' निघालं, तेव्हा तर म्हणाल्या, "ही तर आपलीच भाषा हाय. जरा लांब ऱ्हायला गेली, एवढंच." त्यांचं गाडं अडलं ते 'सो'पाशी.

*

'ओइशिसो' म्हणजे चवदार दिसतंय. 'ओइशिइ सो' म्हणजे चवदार आहे म्हणे. फरक एका 'इ'चा. मी सांगितलं, "डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'इ' गाळा. कानावर आलं असेल तर ठेवा. आणि दुसऱ्याच्या मनातलं जपानीत ठामपणे सांगायचं नाही. 'ती दुःखी आहे' असं नाही, 'दुःखी दिसते' किंवा 'दुःखी आहे म्हणे'."

काकूंना हे मुळीच पटलं नाही. "आमच्यात सगळ्यांच्या मनातलं आम्हालाच ठाऊक असतंय," त्या म्हणाल्या. पण वाक्यं पाठ करत राहिल्या.

विहीणबाई आल्या, नात झाली, सगळं सुखरूप पार पडलं. हारुका मूळची मितभाषी, त्यात इतकी वर्षं आयर्लंडमध्ये काढलेली. कुणी काही विचारलं की तिचं एकच उत्तर, "आय अ‍ॅम ग्रँड." म्हणजे इकडच्या बोलीत, मी मजेत. आईला जपानीत तेच, नवऱ्याला तेच, घरी येणाऱ्या नर्सलाही तेच. लेक खुशीत आहे असं समजून विहीणबाईंनी परत जायची बॅग भरायला घेतली.

त्या सकाळी दोघी विहिणी स्वयंपाकघरात चहा घेत होत्या. काकूंनी कप खाली ठेवला आणि जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "हारुका सान वा त्सुराइ सो देसु." हारुकाला फार जड जातंय म्हणे.

विहीणबाईंनी काहीतरी विचारलं. काकूंना त्यातलं फक्त 'हारुका' कळलं, तेव्हा त्यांनी "हाइ" म्हणजे "हो" म्हणून टाकलं. विहीणबाई तशाच उठून वर गेल्या. बऱ्याच वेळाने खाली आल्या, त्या बॅग रिकामी करण्यासाठी. महिनाभर राहते म्हणाल्या.

हे मला अमेयने फोनवर सांगितलं. "हारुका आईच्या गळ्यात पडून रडली हो, सईताई. तिला वाटत होतं, बाळाला आपला लळाच लागणार नाही. पण ती हे कुणाला बोलली नव्हती, माझ्या आईला तर नाहीच. तुम्ही शिकवलंत तरी काय तिला?"

मला भरून आलं. पण मास्तरकी काही सुटत नाही. पुढच्या शनिवारी काकू आल्यावर मी हळूच विषय काढला. "काकू, झालं ते उत्तमच झालं. पण तिथे 'इ' गाळायचा होता. 'त्सुरासो'. तुम्ही 'म्हणे' म्हणालात. हारुका तुम्हाला काही बोलली होती का?"

"न्हाई बोलली."

"मग ते डोळ्यांचं वाक्य झालं ना? कानांचं कसं?"

काकूंनी वही उघडली, चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "आगं, कानानंच ऐकलं की मी. बाथरूममध्ये नळ सोडून रडत हुती पोरगी."