सालुदच्या हाताचा गुण

सालुद मोन्सालेच्या हाताला गुण आहे, असं आमच्या गिंबाल गावात पहिल्यांदा कोण बोललं ते आता कुणालाच आठवत नाही. बोलणाऱ्याचं तोंड तेव्हाच धरायला हवं होतं, एवढं मात्र खरं.

बाजारामागे, चर्चकडे वळणाऱ्या रस्त्यावर तिचं झेरॉक्सचं दुकान. पासपोर्टचे फोटो काढणं, अर्ज भरून देणं, असली कामं. गावात इंटरनेट धड चालायचं ते तिच्याकडेच. त्यामुळे ज्यांना पडद्यावरून लग्न लावायचं असे त्या मुली तिच्या मागच्या खोलीत येऊन बसायच्या. नवरा अमेरिकेत कुठल्या तरी कारखान्यात, त्याला रजा मिळत नाही. मग तिथल्या एका राज्याचा अधिकारी पडद्यावर येतो, दोघांना विचारतो, दोघं हो म्हणतात, आणि चार दिवसांत विवाहाचा दाखला ईमेलवर हजर. तो जोडून बायकोच्या व्हिसाचा अर्ज करायचा. तिकडची दुपार म्हणजे आमची सकाळ, म्हणून ही लग्नं कोंबड्यांच्या आरवण्यात लागायची.

दाखल्यावर दोन साक्षीदारांची नावं लागतात. आता आमच्याकडे लग्न म्हटलं की निनांग हवी, लग्नातली धर्ममाता, आणि तीही चांगल्या हातगुणाची. सालुद साक्षीला बसलेल्या पहिल्या तिन्ही मुलींना पटापट व्हिसा मिळाला. झालं. पुढची प्रत्येक मुलगी केळीच्या पानात बिबिंगका, तांदळाचा गोड केक, घेऊन दारात उभी: मानांग सालुद, ताई, तुमचंच नाव हवं. सालुदला नाही म्हणवत नसे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. पहिला नवरा समुद्रात गेला, दुसरा, मोन्साले, दारूत गेला. तिला कधी कुणी सुलक्षणी म्हटलं नव्हतं. साक्षीसाठी तिने डाळिंबी रंगाचा एक ब्लाउज राखून ठेवला. दोन वर्षांत सदतीस लग्नं झाली आणि सदतीस दाखल्यांवर तिचं नाव लागलं.

अडतिसावं तिच्या पोटच्या मुलीचं, दिविनाचं. दिविना पहिल्या नवऱ्याची, आडनाव तुपास. तिचा एल्मर अलास्कात मासळीच्या कारखान्यात होता. पोरगा चांगला, सरळ. लग्न सालुदने लावून दिलं, साक्षही तिचीच. पण नुसता दाखला पुरत नाही. पडद्यावर लग्न लागल्यावर नवरा-बायको एकदा तरी प्रत्यक्ष भेटून एकत्र राहिले नाहीत, तर तो कागद बायकोच्या व्हिसाला चालत नाही. म्हणून फेब्रुवारीत एल्मर बारा दिवस आला, आणि त्या बारा दिवसांचे सालुदने साठ फोटो काढले. तिचा नियम ठरलेला: प्रत्येक फोटोच्या मागे मोठ्या अक्षरात कोण, कुठे, कुठल्या दिवशी. अधिकाऱ्याला कोडी घालू नका गं, असं ती सगळ्या मुलींना बजावायची. दिविनाच्या साठही फोटोंमागे तिने स्वतः बसून लिहिलं आणि फाईल रवाना केली.

पावसाळ्यात ग्लेंडा नावाची मुलगी व्हिसा कचेरीचं एक पत्र घेऊन आली. तुमच्या विवाहाची साक्षीदार सालुद मोन्साले ही तुमची कोण, एवढंच त्यात विचारलं होतं. खाली एक ओळ होती: हे नाव इतर अर्जांवरही आढळले आहे.

ती ओळ सालुदने तीनदा वाचली. मग म्हणाली, लिहून दे, दुकानवाली आहे, कुणी नाही. ग्लेंडाने तसं लिहून दिलं. त्यावर काहीच उत्तर आलं नाही, आणि ते न येणंच वाईट होतं. पुढच्या महिन्यात आणखी दोघींना तसंच पत्र आलं. बिबिंगका यायची थांबली. रस्त्यात बायका दुसऱ्या बाजूने जायला लागल्या. हातगुण म्हणणारी तोंडं तीच, आता ती सालुदच्या नावाला किडा लागलाय म्हणत होती. ब्लाउज तिने पेटीच्या तळाशी ढकलला.

आणि नेमकी तेव्हाच दिविनाची व्हिसाची मुलाखत लागली, मनीलाला अमेरिकन वकिलातीत, सोळा तारखेला.

सालुदची झोपच उडाली. दाखल्यावर आपलं नाव, आणि ते नाव आता कुठल्याशा यादीत चढलेलं. खोटी लग्नं लावणारी टोळी म्हणतील, मुलीला टोळीची मुलगी म्हणतील. तिने जन्मदाखला काढून पाहिला. त्यावर आईचं नाव माहेरचं होतं, सालुद हुआनिको. मोन्साले कुठेच नाही. मुलीचं आडनाव तुपास. जोडणार कोण? तिच्या जिवात जीव आला.

"तिथे विचारलं तर सांगायचं, दुकानवाली आहे," ती दिविनाला म्हणाली.

"नानाय, मी सरळ सांगते ना, माझी आई आहे म्हणून. आईने साक्ष देऊ नये असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं ते मला कळतं. तू तुझी हुशारी बोटीवर चढेपर्यंत गुंडाळून ठेव."

"बोटीवर नाही, विमानात."

"तेच ते. म्हण बघू. ही बाई तुझी कोण?"

दिविनाने जन्मदाखला घडी करून ठेवला. मग म्हणाली, "दुकानवाली. माझी कुणी नाही." सालुदने तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा पोरीचा आवाज अजिबात अडखळला नाही, आणि सालुदला कसंसंच झालं.

सोळा तारखेला तिने दुकान उघडलं, पण एकही कागद तिच्याने सरळ निघेना. दुपारी फोन वाजला.

दिविना रडत नव्हती. कुणा दुसऱ्याचंच सांगावं तसं सांगत होती. खिडकीतली बाई अगदी चांगली होती म्हणे, हसून बोलली. साक्षीदार कोण, तिने विचारलं. दुकानवाली, माझी कुणी नाही. नक्की? नक्की. मग शपथेवर पुन्हा विचारलं, दिविना पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा तिने फाईलमधून एक फोटो काढला, काचेला लावला आणि उलटा केला.

"कुठला फोटो?" सालुदने विचारलं, पण तिला कळलं होतं. गिंबालच्या घाटावरचा, बाराव्या दिवशीचा, तिघांचा. तेवढा एकच शेजारणीने काढलेला.

"मागे लिहिलंय: एल्मर, त्याची बायको दिविना आणि तिची आई सालुद मोन्साले. तुझं अक्षर, नानाय. मोठं, स्वच्छ."

सालुदने दुकानाचं दार लोटून घेतलं.

"ती बाई म्हणाली, आई साक्षीला असली तरी आमची काहीच हरकत नव्हती. त्या बाकीच्या अर्जांचं आम्ही बघतच होतो, तुझं लग्न खरंच वाटत होतं. पण आता तू शपथेवर खोटं बोललीस, ते तुझ्या नावावर कायमचं राहील. हिरवा कागद दिलाय नकाराचा." तिच्यामागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. "एल्मरला तू सांग. मला जमणार नाही."

"इंदाय, पोरी, इकडे ये. घरी ये आधी."

"येते," दिविना म्हणाली. "बोटीने."

सालुदने फोन ठेवला. समोरच्या फळीवर तिचं जाड पेन पडलं होतं, टोपण उघडंच राहिलेलं. तिने ते लावलं आणि एल्मरचा नंबर शोधायला लागली.