समासातलं भांडण

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. आता तुम्ही मला हसलात तरी राग नाही... पण सांगितल्याशिवाय राहवतही नाहीये.

मी बारामतीत राहते, शाळेत गणित शिकवते. आमचे अब्बा इंदापुरात घड्याळं दुरुस्त करायचे. ते आणि वरकुट्याचे त्यांचे दोस्त तात्या, दोघं एकाच वाचनालयातून पाळीपाळीने तीच पुस्तकं न्यायचे आणि समासात भांडायचे! तात्या पेन्सिलीने, अब्बा हिरव्या शाईने. ग्रंथपालांनी दोघांपुढे हात टेकले होते.

एकदा मात्र खरंच बिनसलं. तात्यांनी एका कादंबरीचा शेवट आधीच सांगून टाकला, तेवढ्यावरून अब्बांनी अबोला धरला. दोन महिन्यांनी तात्यांनीच माघार घेतली. दुसरी एक कादंबरी परत करताना शेवटच्या पानावर लिहिलं, 'हमीद, राग गेला का?' अब्बांनी ती घरी आणायच्या आतच... ते गेले. झटका आला, बोलणं राहूनच गेलं. तात्या त्यानंतर वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

यंदा वाचनालयाने जीर्ण पुस्तकं काढून टाकली, ती मी घरी आणली. म्हटलं, फोटो काढून तरी जपू. गॅलरीत स्टुलावर पुस्तक, पानावर काच, ट्रायपॉडवर कॅमेरा. पान उलटायचं, क्लिक! रविवारी सकाळी अकराच्या लख्ख उजेडात ती कादंबरी संपवली. फोटो लॅपटॉपवर पाहिले, तर शेवटच्या पानावर तात्यांच्या ओळीखाली हिरव्या शाईत —

'राग कसला, येड्या? पण शेवट तुला कळलाच नाही.'

अक्षर अब्बांचंच! पुस्तक उघडलं, तर तात्यांच्या ओळीखाली कोरं. पुन्हा फोटो काढला, त्यातही कोरं. पहिला फोटो मात्र कॅमेऱ्यात तसाच होता.

तात्यांना फोन केला. दुपारच्या एसटीने आले. स्क्रीनकडे बघत राहिले, डोळे पुसले आणि मग जे हसत सुटले!

"मेल्यावर बी माझंच चुकलं म्हनतोय बघ ह्यो गडी! तीन वर्सं जिवाला घोर व्हता, पोरी... पेन्सिल हाय का?"

आणि पुस्तकातच लिहिलं, 'कळला न्हाय म्हंजी? तूच सांग मग.'

तेव्हापासून दर रविवारी मी त्या पानाचा फोटो काढते. अजून काही उमटलेलं नाही, आणि त्या पहिल्या फोटोचं कोडंही मला सुटलेलं नाही. परवा तात्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "दम धर की जरा. त्यानं येळेवर पुस्तक परत केलंय का कधी?"