दाण्याएवढी पोती

पुट्टीच्या दोन वड्या तळहातावर घेतल्या की एक पिवळसर असते आणि एक राखाडी. दोन्ही थंड, दोन्ही अबोल. अंगठ्याने त्यांना एकमेकींत मळू लागावं, तर आधी नुसत्या रेघा उमटतात, आणि मग पाहता पाहता त्या रेघा विरघळून एकच हिरवट रंग हाताशी उरतो. नेमकी त्याच वेळी ती पुट्टी किंचित कोमट होते! हा रसायनांचा गुण आहे, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला तो दोनदा समजावून सांगितला आहे; तरी दरवेळी मला वाटतं की पुट्टीने माझ्या हाताची ऊब घेतली. नळ दुरुस्त करणारे हीच पुट्टी गळक्या सांध्यांवर थापतात. मी तिची पोती करते, भुईमुगाच्या दाण्याएवढी, रेतीने भरल्यासारखी दिसणारी पोती.

कशासाठी, असं तुम्ही विचारणारच. यवतमाळात शेजारणी विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात. नागपुरात पराग नावाचे एक गृहस्थ आहेत. ते आणि त्यांचे मित्र रविवारी एका मोठ्या टेबलाभोवती जमून लढाई खेळतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक, हातात फासे, अंतर मोजायला शिंप्याची टेप. सैनिक विकत मिळतात, पण ज्या जमिनीवर लढायचं ती कोणी तरी घडवावी लागते. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी केलेल्या एका किल्ल्याचा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला, आणि पन्नाशीला टेकलेली ही चित्रकलेची बाई रणभूमीची कारागीर झाली.

थर्माकोल कापून टेकड्या करायच्या, त्यांवर गोंदाचं पाणी आणि चाळलेली काळी माती, वाळल्या गवतासाठी भुसा. तोफांनी जळालेली झाडं मला विकत आणावी लागत नाहीत. पऱ्हाटीची वाळली फांदी वीतभर तोडली की उभं झाड तयार होतं, आणि कापसाच्या मुलखात पऱ्हाटीला काय तोटा! आमच्या घरी संध्याकाळी बुद्धवंदना होते आणि त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर खंदक, काटेरी तारा, तोफेचे खड्डे. या विसंगतीवर मी पुष्कळ विचार केला आहे. युद्ध इतकं लहान करून टेबलावर ठेवलं की त्याचं भय जातं, की माणसाची हौस तेवढी मागे उरते? ज्या लढाईनंतर हरलेला आणि जिंकलेला एकाच किटलीतला चहा पितात, तिच्यावर रागवायचं तरी कसं! निर्णय अजून झालेला नाही, पण टेकड्या करणं काही मी थांबवलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. घाटंजीजवळच्या आमच्या गावाहून मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. जीभ वाचली, पाय हळूहळू चालू लागला, पण उजवा हात मांडीवर कोणी विसरून गेल्यासारखा पडून असे. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, हात जितका लवकर कामाला लागेल तितका परतेल, नुसता बसला तर मग बसूनच राहील. त्यांनी रबरी चेंडू दिला. बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. मी कणकेचा गोळा पुढे केला, तर म्हणाले, "मी काय पोया लाटाले आलो काय इथं?" आयुष्यभर ज्यांनी कुदळ आणि फावडं चालवलं, त्यांना आता चेंडू दाबा म्हणून सांगायचं! मला त्यांचा रागही येई आणि मनातून त्यांचं म्हणणं पटतही असे. दिवस मात्र निघून चालले होते, आणि हात बसत चालला होता.

परागरावांचं मोठं काम तेव्हाच आलं. ओढ्याकाठची रणभूमी, आणि ओढ्याच्या पात्रात आडवी घातलेली पोत्यांची लांब भिंत, तिच्या आडून सैनिक लढणार. मी पुट्टीची वळी करून तिचे सारखे तुकडे पाडत होते, जखमेला बांधायच्या जाळीदार पट्टीचा ठसा त्यांवर उमटवून तागाचं विणकाम दाखवत होते, सुईने तोंडाची शिवण काढत होते. बाबा खुर्चीवर बसून बराच वेळ पाहत राहिले. माझी पोती टच्च भरलेली, नव्या उशांसारखी गुबगुबीत. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

"पोतं गयापर्यंत भरलं त बसत नाही, माय," ते म्हणाले. "त्याले आंग टाकाले जागा पाहिजे."

आणि त्यांनी डाव्या हाताने माझ्यापुढचा तुकडा उचलून चिमटीत असा दाबला की तो एका अंगाला पसरला, मधे खचला, आणि खरोखर रेतीने जड झाला! मी तुकड्यांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून पोती त्यांची झाली. उजव्या हाताला मी फक्त ताट धरून ठेवायचं काम दिलं. तो ताटाच्या काठावर नुसता वजनासारखा पडून राही, पण निदान मांडीवरून टेबलावर आला होता.

पोत्यांशी त्यांचा संबंध जुना. पावसाळा सरला, नाल्याची धार बारीक झाली, की आमच्या गावात वनराई बंधारा घालत. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या गोळा करायच्या, त्यांत रेती-माती भरायची, सुतळीने तोंडं शिवायची आणि नाल्यात आडवी भिंत रचायची. पिशवीचं तोंड उघडं धरायचं काम माझं, फावडं बाबांचं. रचायचा अधिकार मात्र सगळ्यांना नव्हता. खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं नेमकं बसलं पाहिजे, पोकळीत काळी माती ठासली पाहिजे. गुडघाभर पाण्यात उभे राहून बाबाच ते करत आणि बाकीचे पोती आणून देत. आठ दिवसांत मागे पाणी तुंबून त्यात आभाळ दिसू लागे, म्हशी डुंबत, बाया धुणं घेऊन येत. विहिरीचा दोर दोन हात कमी सोडावा लागे. गावात कोणी त्या भिंतीला बाबांचं नाव दिलं नाही, आणि ते कोणाला सुचलंही नसेल. दरवर्षी पूर ती घेऊन जाई आणि दरवर्षी ते नवी घालत.

टेबलावरची भिंतही त्यांनीच रचली, तीन दिवस, डाव्या हाताने. पुट्टी ओली असतानाच प्रत्येक पोतं खालच्या पोत्यांवर हलकेच दाबलेलं, दोन्ही टोकं काठाच्या मातीत खोल शिरवलेली. मी काठांना रंग दिला, ओल्या मातीचा काळपटपणा आणला आणि मोठ्या तोऱ्यात फोटो नागपूरला पाठवला. परागरावांचा फोन लगेच आला. काम फार सुंदर आहे म्हणाले, पोती तर अगदी खरी वाटतात, फक्त भिंत मधोमध खाली का गेली आहे? तिथे उभा राहिलेला सैनिक कमरेपर्यंत उघडा पडतो. तेवढी जागा भरून द्याल का?

मी फोन ठेवून भिंतीकडे पाहिलं. खरंच की! मधे चांगली चार बोटं रुंद खोलगट जागा होती, दोन थरांनी खाली. तीन दिवस मी त्या भिंतीशेजारी बसले होते, तिचा फोटो काढला होता, आणि ती जागा मला एकदाही खटकली नव्हती. कशी खटकणार? माझ्या डोळ्यांनी लहानपणापासून पोत्यांच्या ज्या भिंती पाहिल्या, त्या साऱ्या मधे अशाच खाली होत्या, तिथूनच तर जादा पाणी सांडायचं. बाबांनी बंधारा घातला होता, आणि मलाही तो बंधाराच दिसला होता! लढाई आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिली नव्हती.

आता सांगते ते सांगायला लाज वाटते. बाबांना हे कसं सांगावं, मला कळेना. चूक काढली तर ते ताट मागे सारतील, पुन्हा मांडीवर हात टाकून बसतील, हीच भीती. म्हणून दुपारी ते आडवे झालेले पाहून मी पुट्टी मळली, त्यांच्याच पद्धतीने सात पोती केली, खचलेली, अंग टाकलेली, आणि ती जागा गुपचूप बुजवून टाकली. इतकी बेमालूम की मीच स्वतःवर खूश झाले. त्यांच्यापासून काही तरी लपवते आहे, याचं तेव्हा मला काही वाटलं नाही. त्यांच्या भल्यासाठी करते आहे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

ते उठले, चहा प्यायले, टेबलाशी येऊन बसले. भिंतीकडे एकदाच पाहिलं.

"हे कोनं बुजवलं?"

मग सांगावंच लागलं. नागपूरच्या साहेबांनी सांगितलं म्हणून, इथे लढाई आहे म्हणून, या ओढ्यात पाणी नसून नुसता रंग आणि वार्निश आहे म्हणून. आवाज माझा मलाच चोरट्यासारखा ऐकू येत होता. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"लढाई काय बिनपावसाची रायते?" ते शांतपणे म्हणाले. "पान्याले मंधातून जाऊ नाही देलं त ते काठ खाते, माय. मंग भिंत बी जाते अन् भिंतीमागचे बी जाते."

आणि ते पुढे झुकले. डावा हात त्यांनी टेबलाच्या काठावर घट्ट रोवला, तोल जाऊ नये म्हणून. तो हात आधारात गुंतला, आणि मग पोत्याकडे निघाला तो उजवा. तो आपण पुढे केला आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. बोटं भिंतीपर्यंत गेली, पोत्यावर घसरली, पुन्हा गेली. माझे हात आपोआप मदतीला उठले होते; ते मी पदरात गुंडाळून घेतले. पुट्टी अजून पुरती वाळली नव्हती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना कुठेतरी भेटली, आणि भुईमुगाच्या दाण्याएवढं ते पोतं भिंतीवरून सुटून वर आलं. मग दुसरं. तिसरं दोनदा पडलं. सात पोती काढायला त्यांना जवळजवळ तासभर लागला असेल. त्या तासात मी काय केलं म्हणाल, तर रडले, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून उगाच ब्रश धूत बसले.

सातवं पोतं खाली ठेवून त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवरून बोट फिरवलं, कड साफ केली. मग त्यांची नजर त्या बोटावर गेली. बराच वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, उलटा करून, सुलटा करून. परागरावांना मी बाबांसमोरच फोन लावला आणि सांगितलं की भिंत आहे तशीच येईल, मधली जागा पाण्यासाठी आहे, सैनिकांनी दोन बोटं बाजूला उभं राहावं. ते पलीकडून हसले, आणि मग म्हणाले की या ओढ्याला एखाद्या रविवारी पूरच आणून बघू.

फोन ठेवून मी नवी पुट्टी घेतली. दोन्ही वड्या ताटात टाकल्या आणि ताट बाबांच्या उजव्या अंगाला सरकवलं.