तीन पवनचक्क्या आणि मेलेल्या पक्ष्यांचं रजिस्टर

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. तीन-चार माणसं एका जागी भरपूर कंटाळली की ते आपोआप जमतात. आम्ही तर समुद्राकाठी, पवनचक्क्यांच्या खाली बसून कंटाळलो होतो. आजही सुरतेच्या उधन्यात जुनं कुणी भेटलं की चहा येईपर्यंत दोन आणि चहा संपेपर्यंत पाच किस्से होतात.

नव्वदीतली गोष्ट. उधन्यातल्या आमच्या शेठचे कापड विणायचे लूम होते आणि वीज त्यांना फार छळायची. कुठंतरी पवनचक्क्या बघून आले आणि सुरतेपासून दोन तासांवर, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत त्यांनी तीन उभ्या केल्या. राखायला आम्हा तिघांना पाठवलं. मी वायरमन, परभणीकडचा. वानखेडे वर्ध्याचा, अक्षर सुरेख, म्हणून लिखापढी त्याच्याकडे. आणि आमचे मुख्य म्हणजे आप्पा. खानदेशातले, वीस वर्षं लूमचे जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारे मिस्त्री.

खाडीवर हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात. त्यामुळे सरकारनं परवानगी देताना एक अट घातली होती. रोज सकाळी चक्क्यांखाली फिरायचं, मेलेला पक्षी सापडला तर रजिस्टरात लिहायचं. महिन्यातून एकदा कॉलेजातल्या पक्ष्यांच्या मॅडम येऊन ते तपासणार. मॅडम बडोद्याच्या, मराठी चांगलं बोलायच्या. वर्षाअखेरीस त्या रिपोर्ट देणार. शेठनं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, की रिपोर्ट वाईट आला किंवा चक्क्या नीट चालल्या नाहीत, तर हे सगळं विकून टाकीन आणि तुम्ही परत लूमवर.

मला आणि वानखेडेला त्याचं फार काही वाटलं नाही. आप्पांना वाटलं. उधन्यात ते एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचे आणि सुमनवहिनी गावाकडे. लग्नाला अठरा वर्षं झालेली, पण दिवाळी आणि अक्षय तृतीया सोडली तर नवरा-बायको एका छपराखाली नाहीत. इथं चक्कीजवळ पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एक आम्हा दोघांना, एक आप्पांना. पंधरा दिवसांत वहिनी पितळी डबे आणि पाटा-वरवंटा घेऊन हजर. दारात तुळस लावली. खाऱ्या मातीत ती जगेना, तर गावाहून पोतंभर माती मागवली. आता चक्की बंद म्हणजे वहिनी परत गावाला, एवढा साधा हिशोब होता.

*

रजिस्टरात पहिला रकाना पक्ष्याच्या नावाचा. आम्हाला नावं येतात कुठं? कावळा, चिमणी, बगळा, संपलं. वानखेडेनं पहिल्या पानावर लिहिलं, "मोठा पक्षी." पुढच्या ओळीत, "त्याच्याहून थोडा लहान."

आप्पा म्हणाले, असं नाही चालणार, मालाचं वर्णन बरोबर पाहिजे. मग त्यांनी सुरतेचं डोकं लावलं. वीस वर्षं साड्यांच्या कापडात गेलेली, रंग ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते सांगत गेले आणि वानखेडे लिहीत गेला. "बॉडी ऑफ-व्हाइट, बॉर्डर राणी, पल्लू काळा."

मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आम्ही मान खाली घालून उभे. त्यांनी पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढलं आणि एका पानावर बोट ठेवलं. लांब मानेचा, गुलाबी पंखांचा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आप्पा म्हणाले, "हाच! हाच माल."

पुढं वर्षभर मॅडमना आप्पांचं वर्णन वाचून पक्षी ओळखता यायला लागला. एकदा त्या म्हणाल्या, माझ्या विद्यार्थ्यांनी एवढं बघितलं असतं तर काय पाहिजे होतं.

*

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या चक्कीखाली घार पडलेली. मोठी, पंख पसरलेले. आप्पांचा चेहराच उतरला. वहिनींनी त्या दिवशी चूल उशिरा पेटवली. घार झाकून ठेवली आणि गावातून मॅडमना फोन केला.

मॅडम आल्या, हातमोजे घातले, पंख उचलून बघितला. पंखाच्या मुळाशी मांजा रुतलेला होता, चांगला हाडापर्यंत. सुरतचा काचेचा, गुलाबी मांजा. म्हणजे पतंगानं कापलेली घार कशीबशी उडत आमच्यापर्यंत आली होती.

"तुमची चक्की सुटली," मॅडम म्हणाल्या.

आप्पांनी वहिनींना गोड करायला सांगितलं. शिरा झाला. सगळ्यांनी खाल्ला. मग वानखेडे हळूच म्हणाला, "पण आप्पा, संक्रांतीले तुम्ही गच्चीवर कोन्त्या मांजानं पतंग उडवत होते शेठकडे?"

आप्पांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. रजिस्टरात कारणाच्या रकान्यात वानखेडेनं लिहिलं, "मांजा, गुलाबी." त्यानंतर आप्पांनी पतंगाला हात लावला नाही.

*

मध्ये एक महिना असा गेला, की रजिस्टरात एकही ओळ नाही. आम्ही खूश. मॅडम मात्र खूश नव्हत्या. त्यांना दोन शंका. एक, आम्ही नीट शोधत नाही. दोन, मेलेला पक्षी सकाळपर्यंत कोल्हे उचलून नेतात. आम्हाला काही न सांगता त्यांनी बाजारातून ताज्या कापलेल्या तीन कोंबड्या आणल्या आणि संध्याकाळी चक्क्यांखाली ठेवून गेल्या. सकाळी किती सापडतात ते बघायचं.

सकाळच्या फेरीत मला आणि वानखेडेला तिन्ही दिसल्या. आता कोंबडी म्हणजे पक्षीच. वानखेडेनं प्रामाणिकपणे लिहायला घेतलं. कारणाच्या रकान्यात त्यानं बराच विचार केला आणि लिहिलं, "उंच उडत असताना पातं लागून."

मी म्हटलं, "अरे, कोंबडी शंभर फूट उडते का?"

तो म्हणाला, "वारा होता ना बाप्पा!"

अकराच्या सुमाराला मॅडम आल्या. रजिस्टरात दोनच कोंबड्या होत्या. तिसरी कुठं गेली, त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, कोल्हा. आम्हीही माना हलवल्या. कोल्ह्यांचा इकडे फार त्रास.

वहिनींच्या खोलीतून खानदेशी काळ्या मसाल्याचा वास असा सुटला होता, की दूरवरचं गुराखी पोरगंसुद्धा वळून बघत होतं.

"कोल्ह्याला वाटण छान जमतं," मॅडम म्हणाल्या. आणि जेवायला बसल्या.

*

हा लहान आहे, पण मला कायम आठवतो. एकदा वानखेडेला वटवाघूळ सापडलं, तळहाताएवढं. अंगावर ओरखडा नाही, हाड मोडलेलं नाही, डोळे उघडे. कारणाचा रकाना रिकामा सोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं लिहिलं, "घाबरून."

आम्ही दिवसभर त्याची टिंगल केली. मॅडम हसल्या नाहीत. वटवाघूळ त्यांनी बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं. म्हणाल्या, असं का होतं ते मलाही माहीत नाही, दुसरं कळेपर्यंत तुमचंच कारण राहू द्या.

*

मग शेठच्या डोक्यात आलं की पक्ष्यांना लांबूनच भीती घालावी. शेठजवळ नसलेली वस्तू ते विकत आणत नसत, आणि असलेली वस्तू म्हणजे साड्या. छपाईत बिघडलेल्या, चकाकणाऱ्या जरी-टिकल्यांच्या साड्यांचा एक टेम्पो येऊन पडला. आम्ही दिवसभर राबून तिन्ही चक्क्यांच्या कुंपणाला त्या बांधल्या. वाऱ्यावर अशा काही फडफडल्या, की आम्हालाच भीती वाटली.

पक्ष्यांनी दोन दिवस लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी साळुंक्या आल्या आणि जरीचे धागे ओढून न्यायला लागल्या. त्या साली आजूबाजूच्या बाभळींवर एकही घरटं बिनजरीचं नव्हतं.

चौथ्या दिवशी बायका आल्या. आधी एका गावच्या, मग तीन गावच्या. कुंपण संध्याकाळपर्यंत उघडं पडलं. शेठनं फोनवर विचारलं, साड्यांचा काही परिणाम?

आप्पा म्हणाले, "भरपूर. आणखी असल्या तर गुलाबी पाठवा, बायका मागतायत."

*

आता शेवटचा.

मार्चच्या सुरुवातीचे दिवस. वर्ष संपत आलेलं. मॅडमचा रिपोर्ट बरा होईल असं वाटत होतं. मग शेठ एका सकाळी दोन पाहुणे घेऊन येणार असं ठरलं. पाहुण्यांना दहा चक्क्या लावायच्या होत्या, आमच्याच शेजारी, आणि सगळ्या राखायला आप्पा. पाहुण्यांना पसंत पडलं तर वहिनी कायमच्या इथं. नाही पडलं तर शेठ कंटाळलेच होते.

आदल्या आठवडाभर वारा नव्हता. वहिनी रोज उठून आधी पात्यांकडे बघायच्या. त्या सकाळी मात्र उत्तरेकडून असा वारा सुटला, की तिन्ही चक्क्या गरगरा फिरायला लागल्या. वहिनींनी नवी साडी नेसली, पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. गाडी आली. पाहुणे उतरले, वर बघत राहिले. एकजण म्हणाला, वाह. शेठनं आप्पांच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात दक्षिणेकडून, खाडीवरून पक्ष्यांचा आवाज आला. गावातले त्यांना कुंज म्हणतात, मॅडम क्रौंच म्हणायच्या. हिवाळा संपवून परत निघालेले. एरवी इतके उंच जातात, की नुसता आवाज येतो. पण समोरून वारा होता, म्हणून ते खाली दबून, पात्यांच्या उंचीनं येत होते. एक रांग, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं आणखी. सरळ आमच्याकडे.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात ट्रे.

आप्पा पॅनेलजवळ गेले आणि एकामागोमाग तिन्ही लाल बटणं दाबली. ब्रेक लागले, पाती जड होत होत थांबली.

पाहुण्यांनी वर बघितलं, मग शेठकडे. शेठचा चेहरा लाल झाला. "अरे आप्पा, बंद का केली? चालू कर, भाई, चालू कर!"

आता लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाचा एक कान जातोच. आप्पांचा डावा गेलेला होता, हे आम्हाला माहीत, शेठलाही माहीत. आप्पांनी शांतपणे मान वळवली आणि डावा कान शेठकडे केला.

शेठ ओरडत होते. आप्पा वर बघत होते. पहिली रांग दोन चक्क्यांच्या मधून गेली, इतकी जवळून की पंखांची सळसळ ऐकू आली. दुसरी गेली. तिसरी अजून खाडीवरच होती.

शेठ शेवटी वहिनींकडे वळले. म्हणाले, वहिनी, तुमच्याच भल्याचं सांगतोय, तुम्ही तरी त्याला सांगा.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि वर बघत म्हणाल्या, "माले बी आयकू येत नही, शेठजी."